कडूमुळाच्या माळावरचा पाहुणा

सेंट इग्नेशस
जूनचा पहिला आठवडा

प्रिय कार्लीन,

सोबतच्या पिशवीत या वर्षीची कडूमुळं आहेत. खडखडीत वाळली आहेत, तरी प्लास्टिकच्या डब्यात कोंबू नकोस, कापडात बांधून खुंटीला टांग. शिजवशील तेव्हा साखर घालताना हात आखडू नकोस. तू ती नुसती खाऊन दाखवायचीस ते आम्हाला बरं वाटावं म्हणून, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. काही मुळं अर्धवट सोललेली दिसतील, काही तर उंदराने कुरतडल्यासारखी. ती माझी नाहीत आणि क्लॅरिसचीही नाहीत. कुणाची, तेच सांगायला बसले आहे, पण मला घाई करू नकोस. मी माझ्या चालीने येईन.

आधी घरचं सांगते. गुडघा आहे तसाच आहे. डोंगरमाथ्यावर अजून बर्फ आहे, पण अंगणात दुपारी ऊन चटका देतं. तू फोडून रचून ठेवलेली लाकडं सगळा हिवाळा पुरून उरली. क्लॅरिस रोज सकाळी येते, माझी कॉफी पिते आणि पिता पिता तिला नावं ठेवते. धाकटी बहीण म्हणून लहानपणी जे जे ऐकून घेतलं, त्याचं सगळं उट्टं ती आता काढते आहे. “उर्सु, पाय वर घे. उर्सु, गोळी घेतलीस का? उर्सु, त्या कुत्र्याला भाकरी देऊ नकोस, तो तुझ्याहून जाड झालाय.” तिचा नवरा गेल्यापासून तिला हुकूम सोडायला माणूस नाही, म्हणून मी सापडले. तुझी आठवण काढते. “आपली शत्रू काय म्हणते?” असं विचारते. मीही म्हणते, शत्रू मजेत आहे, दवाखान्यात लोकांना सुया टोचते आहे.

यंदा पाऊस वेळेवर झाला, त्यामुळे मुळं जाड होती. पहिलं मूळ काढायच्या दिवशी आपल्या जमातीची सगळी माणसं हॉट स्प्रिंग्जकडच्या माळावर जमली होती. म्हाताऱ्यांची प्रार्थना होईपर्यंत नेहमीसारखी कुणी जमिनीला खणायची सळई टेकवली नाही. पोरंसुद्धा गप्प होती, नुसता वारा आणि कुरणातल्या पाखरांची शीळ. मग पहिलं मूळ निघालं, गाणं झालं, आणि खाली हॉलमध्ये जेवण झालं. मी माझ्या वाट्याचं खाल्लं, चार जणींशी बोलले आणि घरी जायला म्हणून क्लॅरिसच्या पिकअपमध्ये बसले. हमरस्ता आला तसा तिने गाडी डावीकडे न वळवता उजवीकडे घातली. मी म्हटलं, “अगं, घर इकडे आहे.” ती म्हणाली, “घर पळून जात नाही.” तेव्हा मला कळलं, ती मला आपल्या माळावर नेते आहे.

माझा एनियास त्या ऑगस्टमध्ये वणवा विझवायला गेला आणि परतताना त्यांचा ट्रक उलटला, तेव्हापासून मी त्या माळाकडे पाहिलं नव्हतं. आपल्या घराची मुळं काढायची ती जागा, माझ्या आजीपासूनची, पण दर वसंतात मी काही ना काही निमित्त काढायचे. कधी गुडघा, कधी वारा. तूही कधी जाऊया म्हणाली नाहीस, त्याबद्दल मी मनातल्या मनात तुझे आभार मानायचे. क्लॅरिसने मात्र यंदा विचारलंच नाही. सगळ्या रस्ताभर तिने खिडकी उघडी ठेवली आणि बेसूर गात राहिली, म्हणजे मला भांडता येऊ नये.

गाडीतून उतरले तेव्हा मला सगळ्यात आधी आठवलीस ती तू. एनियास तुला पहिल्यांदा घेऊन आला तो दिवस. तू आमच्या जुन्या वैऱ्यांच्या जमातीची; माझ्या सासऱ्यांनी तुला बघितलं आणि म्हणाले, “आजवर ब्लॅकफीट डोंगर ओलांडून यायचे ते आमचे घोडे चोरायला. आता पोरगाच न्यायला आले.” तू तेव्हा कुणाला ओळखत नव्हतीस, तरी पटकन म्हणालीस, “घोडे आता चांगले मिळत नाहीत हो तुमच्याकडे.” म्हातारा हसून हसून खाली बसला. मग तू खणायला गेलीस आणि जे मूळ हाती लागेल ते मध्येच मोडून आणायचीस. मी तुला दाखवलं, रोपाला लागून नाही, थोडं अंतर ठेवून सळई आत घाल आणि तिच्यावर भार टाक, माती आपणहून ढेकूळ होऊन वर येते. एनियास मागून म्हणाला, “आई, तिला सगळं शिकवू नकोस, मग माझी काय गरज उरेल?” त्याच्या आवाजासकट आठवलं हे. मला वाटलं होतं की तिथे गेल्यावर मी कोसळेन. कोसळले नाही. रडले, पण सळईवर भार टाकून उभी राहून रडले, आणि क्लॅरिस पाठमोरी होऊन खणत राहिली. कधीकधी तिलाही अक्कल असते.

तर आम्ही दोघी म्हाताऱ्या थोडीशी मुळं काढून पिकअपपाशी आलो आणि पाहतो तो पुढचं चाक हवा जाऊन चपटं झालेलं. क्लॅरिसकडे जादा चाक होतं, जॅक नव्हता. जॅक तिने पुतण्याला दिला होता आणि पुतण्याने तो कुणाला दिला हे त्यालाही माहीत नसणार. फोनला रेंज नाही. क्लॅरिस म्हणाली, “चल, पायी जाऊ.” मी म्हटलं, “तू जा, मी इथे गिधाडांशी गप्पा मारते.” असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात खालून धूळ उडवत एक गाडी वर आली.

त्यातून एक माणूस उतरला. उंच, रुंद खांद्यांचा, काळी हॅट, वेण्या मागे बांधलेल्या, आणि एका बाजूला किंचित वाकून चालणारा, बरगडी दुखत असल्यासारखा. आता तू खुर्चीत सरळ बसली असशील. बस. पत्र खाली ठेवू नकोस.

मी त्याला म्हटलं, “बाबा, देवानेच पाठवलं तुला. जॅक आहे का?” त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हॅट पुढे ओढली, मान वळवली आणि क्लॅरिसला म्हणाला, “मावशी, जॅक आहे माझ्याकडे.” मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मी मोठ्याने विचारलं, “कुठला रे तू?” पुन्हा तेच. खाली चाकाकडे बघत क्लॅरिसला म्हणतो, “मी क्रो जमातीचा, मावशी. ग्रेट फॉल्सच्या बाजूला घोड्यांना नाल ठोकतो.” आता मी तापले. माझ्याच माळावर उभा राहून मलाच उत्तर देत नाही! मी क्लॅरिसला म्हटलं, “या माणसाला सांग, मी झुडूप नाहीये.” क्लॅरिस म्हणाली, “झुडूप कमी बोलतं.” तो चाक काढत होता, पण त्याचे खांदे हलले. हसत होता लबाड.

चाक बसवून झालं. त्याचे हात काळे झाले होते. वाटलं, आता हा जाईल. पण तो हॅट हातात फिरवत तिथेच उभा. शेवटी क्लॅरिसला म्हणाला, “मावशी, मी काही मदत करू का? तुमच्या इथल्या शेजाऱ्यांनी सांगितलं, तुम्ही मुळं काढायला गेला आहात, आणि हॉलमधले म्हणाले, तुमची गाडी या माळाकडे वळली.” म्हणजे तो आधी माझ्या घरी जाऊन आला होता. वाट चुकून आलेला नव्हता. हे माझ्या तेव्हा डोक्यात शिरलंच नाही, मी अजून रागातच होते. मी म्हटलं, “क्लॅरिस, त्याला म्हणावं हात धू आणि सोलायला बस. फुकट कुणी उभं राहायचं नाही.” तो बसला. आमच्यापासून थोडा दूर, माझ्याकडे पाठ करून, मांडीवर मुळांचा ढीग. घोड्याचा खूर धरायची सवय असलेले हात ते, कडूमुळाची बारीक साल त्यांच्या चिमटीत येईना. साल ताजी असताना मोज्यासारखी ओढून काढायची, हा बोटांनी खरवडत बसला. मधला लाल कोंभ काढायला सांगितलं तर निम्मं मूळ त्याच्याबरोबर गेलं. मी ओरडत होते, “क्लॅरिस, त्याला सांग, ते अन्न आहे, कुंपणाचा खांब नाही!” आणि तो, “मावशी, त्यांना सांगा, माझी चूक झाली.” “सांग त्याला, चूक दिसतेय मला.” “मावशी, त्यांना सांगा, पुढचं चांगलं होईल.” पुढचंही तसंच. ती सगळी तुझ्या पिशवीत घातली आहेत.

एकीकडे असं चाललेलं असताना क्लॅरिस अचानक थांबली. तुला माहीत आहे, तिचा नवरा दरवर्षी क्रो लोकांच्या जत्रेत घोडे घेऊन जायचा आणि ती सोबत जायची, तिथल्या तंबूंत तिने कितीतरी उन्हाळे काढले. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, “उर्सु, हा बहिरा नाही आणि उद्धटही नाही. यांच्यात जावई सासूशी बोलत नाही. तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मान द्यायची रीत आहे ती. हा तुझा जावई आहे, बयो.”

मी म्हणणारच होते, मला मुलगी कुठे आहे? तोंड उघडलं होतं मी. आणि मग ते तसंच उघडं राहिलं, कारण मला मुलगी आहे.

क्लॅरिसचं हसू थांबलं. तिने त्याला विचारलं, “कार्लीन?” त्याने मान डोलावली. मग त्याने आमच्याकडे पाठ असतानाच सगळं सांगितलं, क्लॅरिसला उद्देशून, पण माझ्या कानावर पडेल अशा आवाजात. घोड्याने लाथ मारली, बरगड्या मोडल्या, दवाखान्यात तू होतीस. क्लॅरिस म्हणाली, “त्या घोड्याचे उपकारच म्हणायचे.” तो म्हणाला, “हो मावशी, त्याला अजून फुकट नाल ठोकतो.” बरा झाल्यावर तो तुला भेटत राहिला. तू त्याच्याशी हसायचीस, त्याच्या गाडीतून फिरायचीस, त्याच्या भाच्यांना गणितं शिकवायचीस, आणि त्याने लग्नाचं विचारलं की विषय बदलायचीस. शेवटी बर्फ पडत होतं त्या दिवसांत कधीतरी तू त्याला सांगितलंस, “डोंगरापलीकडे एक बाई आहे, तिचा मुलगा गेला, आता तिची सूनही गेली असं मी तिच्या वाट्याला येऊ देणार नाही. मी विधवा म्हणून जाते तेव्हा तिथे माझं घर असतं. दुसऱ्याची बायको होऊन कोणत्या तोंडाने जाऊ?”

वेल्डन म्हणाला (त्याचं नाव मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे, तू मला कधी सांगितलं नाहीस), “मावशी, मी त्यांच्याकडे काही मागायला आलो नाही. कार्लीनला माहीतही नाही मी इथे आलोय. ती म्हणते, माझी आई लहानपणीच गेली, आता आई म्हणजे ती डोंगरापलीकडची. मला फक्त बघायचं होतं, जिच्यासाठी ही मला नाही म्हणते, ती बाई कशी आहे.” क्लॅरिसने विचारलं, “मग? कशी आहे?” तो म्हणाला, “मी कुठे बघितलंय अजून त्यांच्याकडे?”

मी उठले आणि माळाच्या कडेपर्यंत चालत गेले. मला राग आला होता, कार्लीन. त्याचा नाही, तुझा. इतका राग मला तू माझी चांगली लोखंडी कढई मळ्यात विसरलीस तेव्हाही आला नव्हता. मी काय, तुझ्या पायातला दोर आहे? मला वाटायचं, तू दर महिन्याला घाट ओलांडून येतेस, माझ्या छपराची गळती बुजवतेस, औषधं आणतेस, ते तुला यावंसं वाटतं म्हणून. आणि इथे हा माणूस सांगतोय की तू माझ्यासाठी स्वतःचं दार लावून घेतलंस. मग मला आठवलं, एनियास गेल्यावर ते पूर्ण वर्ष तू माझ्याकडे राहिलीस, पहाटे उठून चूल पेटवायचीस, मी जेवले नाही तर तूही जेवायची नाहीस. तेव्हा कुणी तुला बांधून ठेवलं नव्हतं. तू खरंच माझ्यावर माया करतेस, आणि त्याच मायेत तू हा वेडेपणा करून बसलीस. दोन्ही खरं आहे. राग जिरला नाही, पण मी मागे वळले.

परत आले तेव्हा क्लॅरिसने गाडीच्या मागच्या बाजूला जेवण मांडलं होतं. सुकं मांस, तळलेली भाकरी, आणि हॉलमधून आणलेली उकडलेली कडूमुळं. मी म्हटलं, “क्लॅरिस, त्याला सांग, जेवल्याशिवाय जायचं नाही.” तो जेवला. मुळं त्याने बिनसाखरेची तोंडात टाकली आणि गिळताना त्याचा सगळा चेहरा आवळला. मी विचारलं, “कशी लागली म्हणावं?” “मावशी, त्यांना सांगा, चांगली आहेत.” “खोटं बोलतोय, सांग त्याला.” “मावशी, त्यांना सांगा, हो.” क्लॅरिसला इतका ठसका लागला की तिच्या पाठीत धपके घालावे लागले. खूप दिवसांनी त्या माळावर हसण्याचा आवाज झाला. जाताना त्याने माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली, माझ्या बाजूचं दार उघडून धरलं, आणि मी आत बसेपर्यंत पलीकडच्या डोंगराकडे बघत राहिला. मी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याने विचारलंही नाही.

त्यानंतर मी बरेच दिवस गप्प होते. क्लॅरिस रोज विचारायची, “लिहिलंस का?” आणि मी म्हणायचे, “तू कॉफी पी.” काय लिहायचं ते माहीत होतं, पण कागद पुढे ओढत नव्हते. खरं सांगते, तू दुसऱ्या घरी जावंस असं मला वाटत नव्हतं. मी काही संत नाही. काल मी पुतण्याला गाडीने सोडायला लावलं आणि एकटीच माळावर गेले. फुलं आली आहेत. पानं सुकून गेली, आणि त्या दगडांत, जिथे गवतसुद्धा धड उगवत नाही, जमिनीला चिकटून गुलाबीच गुलाबी. पाय ठेवायला जागा नव्हती, मी चपला काढून हातात घेतल्या. उन्हात बराच वेळ बसले. एनियासशी थोडं बोलले. काय बोलले ते त्याच्या-माझ्यात. उठताना गुडघ्याने नेहमीपेक्षा कमी त्रास दिला, एवढंच तुला सांगते.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. फोनवर सांगायला गेले असते तर तू “छे, आई, काहीतरीच काय” म्हणून मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस, म्हणून कागदावर लिहिते आहे. वेल्डन तुला नको असेल तर तसं सांग त्याला. घोड्यांचा वास आवडत नाही म्हण, वय जास्त आहे म्हण, काहीही म्हण, पण कारण तुझं असू दे. माझं नाव पुढे करू नकोस. आणि हवा असेल, मला वाटतं हवा आहे, तर लग्न कर. एनियासची बायको म्हणून तू या घरात आलीस, पण तो गेल्यावर जी राहिलीस ती त्याची बायको म्हणून नाही. सुनेची पाठवणी करायची रीत कुठेच नाही, लेकीची असते. ती मी करणार, आणि थाटात करणार. क्लॅरिसने तुला द्यायच्या घोंगडीचा रंगसुद्धा ठरवून ठेवलाय, आपण तो बदलू. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. रविवारी सकाळी तू मला फोन करतेस, सगळ्यांच्या आधी, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला फार अभिमान वाटत आला आहे. या रविवारी आधी त्याला कर. मी वाट बघेन, कॉफी पुन्हा गरम करून घेईन. मला दुसरा फोन आला तरी चालेल, पोरी. दुसराच यायला हवा.

तुझीच,
आई